हिरवी चटणी आणि एक हातगाडी: प्रकल्प नोंदी, एप्रिल ते जून २०२५

५ एप्रिल, शनिवार

जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम करणारा आजार) रुग्ण निघाले, तेव्हापासून आमच्या भागात लोकांनी बाहेरचं खाणं जवळपास सोडूनच दिलं होतं. कोपऱ्यावरच्या भेळवाल्या काकांचा धंदा निम्म्यावर आला. मार्चअखेर जरा सावरतोय तोच एका नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या मुलाला जुलाब झाले, आणि त्याच्या वडिलांनी गाडीवर येऊन चारचौघांत काकांना सुनावलं. मुलगा गाडीवरचं खाऊनच आजारी पडला का, हे आता कुणालाच ठरवता येणार नाही. पण काकांना ते फार लागलं. परवा त्यांनी मला गाठलं. "ताई, तुम्ही कॉलेजात जंतूंचंच शिकवता ना? माझ्या चटण्या एकदा तपासून द्या. वाईट निघालं तरी चालेल, पण खरं सांगा."

मी बी.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. विभागप्रमुखांनी संध्याकाळी प्रयोगशाळा वापरायला परवानगी दिली, दोन अटींवर. वापरलेली प्रत्येक प्लेट आणि नळी ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) केल्याशिवाय कचऱ्यात जाणार नाही, आणि साल्मोनेलासारखे रोगजंतू मुद्दाम वाढवायचे नाहीत. दोन्ही अटी रास्त आहेत. हे काम घरच्या स्वयंपाकघरात कुणी करू नये.

खर्च आजपर्यंत: डिस्पोजेबल पेट्री प्लेट, निर्जंतुक बाटल्या आणि थर्माकोलचा डबा मिळून ११४० रुपये. जिवाणू वाढवायची माध्यमं कॉलेजची वापरली, त्यांचे १८५० रुपये विभागाच्या वहीत माझ्या नावावर मांडले.

८ एप्रिल, मंगळवार

पहिला नमुना. संध्याकाळी सहाला गाडीवरून हिरवी चटणी, चिंच-गुळाची चटणी आणि पाणीपुरीचं पाणी घेतलं. बाटल्या स्कूटरच्या डिकीत टाकल्या, वाटेत दूध घेतलं, फाटकावर पुन्हा अर्धा तास अडकले. कॉलेजात पोचेपर्यंत सव्वा तास गेला. थर्माकोलचा डबा घरीच राहिला होता. डिकी उन्हात तापलेली, बाटल्या हाताला कोमट लागत होत्या. तरी प्लेट लावल्या. लावायला नको होत्या.

१० एप्रिल, गुरुवार

हिरव्या चटणीच्या प्लेटवर एक अख्खा पांढुरका थर. हजारपट विरलनाच्या, म्हणजे नमुना हजारपट पातळ करून लावलेल्या, प्लेटवरसुद्धा वसाहती (जिवाणूंच्या वाढीचे ठिपके) मोजण्यापलीकडच्या. चुका दोन. नमुना गरम डिकीतून आणल्यामुळे वाढ गाडीवर झाली की माझ्या स्कूटरवर, हे सांगायला मार्ग नाही. आणि विरलन फक्त हजारपटीपर्यंत केलं होतं. प्लेटवर ३० ते ३०० वसाहती असल्या तरच आकडा धरायचा, हे वर्गात मी दरवर्षी सांगते. हिरव्या चटणीसाठी निदान लाखपटीपर्यंत जायला हवं होतं.

सगळी फेरी बाद. पाच दिवस गेले.

१५ एप्रिल, मंगळवार

काल सुट्टी होती, त्यामुळे आज. या वेळी डब्यात बर्फाच्या पिशव्या, गाडी ते प्रयोगशाळा पंचवीस मिनिटं, आणि पोचल्यावर लगेच काम. १० ग्रॅम चटणी ९० मिली निर्जंतुक सलाइनमध्ये, तिथून पुढे दहा-दहा पटीने. एकूण मोजणीसाठी प्लेट काउंट अगार हे माध्यम, आणि इ. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूसाठी ईएमबी, ज्यावर तो रंगावरून ओळखू येतो. सोबत नुसत्या सलाइनची एक कोरी प्लेट ठेवली. ती कोरीच राहिली पाहिजे. तिच्यावर काही उगवलं तर बाकीचं सगळं फेकायचं.

पीएच पण पाहिला (आकडा जितका कमी तितकं आंबट). चिंच-गुळाची चटणी ३.३, पाणीपुरीचं पाणी ३.९, हिरवी चटणी ५.८. हे तीन आकडे ज्यांना हे काम करायचं आहे त्यांनी पहिल्या दिवशीच घ्यावेत. मी घेतले नव्हते.

१७ एप्रिल, गुरुवार

कोरी प्लेट स्वच्छ. चिंचेच्या चटणीच्या प्लेटवर तुरळक चार-पाच वसाहती. ती चटणी काकू अर्धा तास उकळतात, त्यात आंबटपणा आणि एवढा गूळ, तिथे फार कुणी तग धरत नाही. पाणीपुरीचं पाणी मधल्या पातळीवर. हिरव्या चटणीत दहा हजारपट विरलनाच्या प्लेटवर २४० वसाहती, म्हणजे दर ग्रॅमला २४ लाख. ईएमबीवर गुलाबी, चिकट वसाहती पुष्कळ, आणि त्यांत काही काळसर, ज्यांच्यावर प्लेट तिरपी धरली की भुंग्याच्या पाठीसारखी हिरवी धातूची झाक चमकते.

संध्याकाळी गाडीवर जाऊन काकांना सांगितलं की हिरव्या चटणीत कोलिफॉर्म (इ. कोलाय ज्यात मोडतो तो जिवाणूंचा गट) भरपूर आहेत. काकांनी तो डबा माझ्यासमोर गटारात रिकामा केला आणि त्या दिवशी कोरडी भेळच विकली. पुढच्या चाचण्या होईपर्यंत मी सांगायचं थांबायला हवं होतं.

२१ एप्रिल, सोमवार

झाक दिसलेल्या आणि गुलाबी अशा मिळून आठ वसाहती शुद्ध करून त्यांच्या पुढच्या चाचण्या केल्या. इंडोलच्या नळीत कोव्हॅक अभिकर्मकाचे थेंब टाकले की इ. कोलाय असेल तर वरच्या थराला चेरीसारखं लाल कडं येतं. आठांपैकी दोनच नळ्यांना कडं आलं. या दोघी मिथाइल रेड चाचणीला होकारी, व्होगेस-प्रोस्कॉअर आणि सायट्रेट या चाचण्यांना नकारी, म्हणजे खात्रीने इ. कोलाय. बाकी सहा एंटेरोबॅक्टर आणि क्लेब्सिएलाच्या घरातले.

फरक महत्त्वाचा आहे. कोथिंबीर मातीलगत वाढते. तिच्या पानांवर एंटेरोबॅक्टरसारखे कोलिफॉर्म असतातच, शेतात कुणी घाण केली नसली तरी असतात. कच्च्या पाल्याच्या चटणीची एकूण मोजणी लाखांत जाणं हा गुन्हा नाही. इ. कोलाय मात्र माणसांच्या आणि जनावरांच्या आतड्यातून येतो. तो सापडला की विष्ठेचा संबंध कुठेतरी आला, मग त्याच वाटेने टायफॉइडचे किंवा हगवणीचे जंतूही येऊ शकतात.

म्हणजे १७ तारखेला मी काकांना अर्धवट सांगितलं होतं. आज जाऊन नीट सांगितलं. काका म्हणाले, "म्हणजे आहे तो आहेच ना? दोन असले काय नि दोनशे असले काय. कुठून येतो ते शोधा." त्यांचं बरोबर होतं. इथून पुढे एकूण मोजणी फक्त वाढ बघण्यासाठी, आणि स्वच्छता बघण्यासाठी इ. कोलायची एमपीएन, म्हणजे किती नळ्यांत वाढ झाली त्यावरून काढलेली अंदाजे संख्या.

२६ एप्रिल, शनिवार

सकाळी दहा वाजता काकांच्या घरी. काकूंनी नेहमीप्रमाणे चटणी करायची आणि मी प्रत्येक टप्प्यावर नमुना घ्यायचा, असं ठरलं होतं. बघितलं ते जसंच्या तसं लिहिते.

कोथिंबिरीच्या आठ जुड्या, पुदिन्याच्या चार. मुळं कापून टबात पाण्यात बुडवल्या, हलवून काढल्या. पाणी एकदाच, आणि ते प्लास्टिकच्या पिंपातलं. पिंपात मग बुडवून पाणी घेतात, मगाला दांडी आहे पण हात मनगटापर्यंत जातोच. मिरच्या, आलं, मीठ, जिरं. मग बर्फ. मिक्सर तापला की चटणी काळपट पडते म्हणून वाटताना मूठभर बर्फ घालतात. तो बर्फ कोपऱ्यावरच्या लादीचा, गोणपाटात गुंडाळून आणलेला, टोच्याने फोडलेला. अखाद्य बर्फ निळा करायचा नियम २०१८ मध्ये आला; हा बर्फ पांढरा होता, म्हणजे खायचा. पण ती लादी दुकानापुढच्या फरशीवर ओढत आणतात, ते मी येताना पाहिलं.

वाटून झाल्यावर मी काकूंना मिक्सरच्या भांड्याचं पातं काढायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते कधी काढत नाही, घट्ट बसलंय." पकड लावून काढलं. पात्याखालच्या रबरी वायसरच्या खोबणीत हिरवट-काळा, बोटाला बुळबुळीत लागणारा थर होता. काकूंचा चेहरा पडला. भांडं बाहेरून आरशासारखं लख्ख असतं त्यांचं. मी सांगितलं की माझ्याही घरच्या भांड्याचं हेच निघेल, आणि रात्री घरी जाऊन खोललं तर खरंच तेच निघालं.

शेवटची गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, डोळ्यांनी दिसली म्हणून कळली. काकूंनी फ्रिजमधून कालची उरलेली वाटीभर चटणी काढली आणि नव्या डब्यात तळाला ओतली. वर आजची. "टाकायची कशाला, चांगली आहे की." विरजणाला आपण हेच करतो.

नमुने: न धुतलेली कोथिंबीर, धुतलेली कोथिंबीर, नळाचं पाणी, पिंपाचं पाणी, वितळलेला बर्फ, वायसरचा बोळा, कालची चटणी, आणि आजची दुपारी बाराची, चारची, रात्री आठची.

२९ एप्रिल, मंगळवार

सगळी एमपीएन फेरी फुकट गेली. एमपीएनमध्ये माध्यमाच्या नळीत एक छोटी उलटी डरहॅम नळी असते. जिवाणूंनी वायू केला तर तिच्यात बुडबुडा अडकतो आणि तो नमुना होकारी धरतात. या वेळी नव्वद नळ्या एकदम ऑटोक्लेव्ह केल्या आणि घाईने वाफ सोडून झाकण उघडलं. दाब हळूहळू उतरला तर डरहॅम नळीतली हवा निघून ती माध्यमाने भरते. घाई केली की बुडबुडा आधीपासूनच बसलेला राहतो. मी नमुना घालण्यापूर्वी नळ्या उजेडात धरून बघितल्याच नाहीत. आज नळाच्या पाण्याच्याही नऊच्या नऊ नळ्या होकारी दिसल्या, तेव्हा उमगलं. खरी वाढ असती तर माध्यमाचा जांभळा रंग पिवळा झाला असता. नळाच्या पाण्याच्या नळ्या जांभळ्याच होत्या, आणि बुडबुडा मात्र सगळीकडे.

दहा नमुने, नव्वद नळ्या, चार दिवस. ज्यांना एमपीएन करायची आहे त्यांनी ऑटोक्लेव्हचा काटा शून्यावर आपोआप येऊ द्यावा, आणि प्रत्येक नळी खिडकीपाशी धरून बघावी.

६ मे, मंगळवार

३ मेला सगळं पुन्हा केलं. काकूंनी दुसऱ्यांदा न कुरकुरता पातं काढू दिलं. निकाल:

एकूण मोजणी, दर ग्रॅमला: दुपारी बारा वाजता १ लाख ८० हजार. चार वाजता ९ लाख ५० हजार. रात्री आठ वाजता २ कोटी १० लाख. फ्रिजमधली कालची चटणी १ कोटी ९० लाख. फ्रिजमध्ये जिवाणू मरत नाहीत, फक्त थबकतात. म्हणजे काकू रोज सकाळी आदल्या रात्रीचे जिवाणू नव्या चटणीत घालत होत्या, आणि दुपारच्या ३८-३९ अंशांत त्यांना वाढायला आठ तास मिळत होते.

इ. कोलाय, एमपीएन दर ग्रॅमला: धुतलेली कोथिंबीर २३, कालची चटणी २४०, आजची बाराची ९३, आठची ४६०. वायसरच्या बोळ्यात होकारी. नळाच्या पाण्यात नाही, पिंपाच्या पाण्यात आहे, बर्फातही आहे.

पाण्यासाठी एचटूएसची बाटलीही लावली होती. कागदाची पट्टी असलेली ही साधी चाचणी मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये मांडली. बाटलीत पाणी भरून ठेवायचं, काळं पडलं तर पाण्यात विष्ठेतले जिवाणू असल्याचा संशय धरायचा. पिंपाचं पाणी दुसऱ्या दिवशी शाईसारखं काळं झालं, नळाचं जसंच्या तसं राहिलं. ती बाटली मी काकांकडे नेली. आकड्यांनी जे झालं नव्हतं ते या दोन बाटल्या शेजारी ठेवल्यावर झालं. काकांनी त्याच संध्याकाळी झाकणाचा आणि तोटीचा पिंप आणला. सहा बाटल्यांचे २४० रुपये, या कामातला सगळ्यात सत्कारणी लागलेला पैसा.

१० मे, शनिवार

आज नुकसान केलं, तेही काकांचं.

कोथिंबीर ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५० भाग) क्लोरीनच्या पाण्यात बुडवून मग चांगल्या पाण्याने धुवायची, हा सुधारणेचा पहिला टप्पा ठरवला होता. सोडियम हायपोक्लोराइट ४ टक्क्यांचं असेल तर दहा लिटर पाण्याला १२.५ मिली. मी चिठ्ठीवर घाईत लिहिताना टिंब इतकं पुसट पडलं की काकूंनी १२५ मिली मोजून घातलं. दसपट. चटणीला जलतरण तलावाचा वास. बारा जुड्या, मिरच्या, लिंबं सगळं फेकावं लागलं. त्याचे ३८० रुपये मी दिले. काका घेत नव्हते, बळेच दिले. आज गाडी लागली नाही, त्याची भरपाई कशी देणार?

आता चिठ्ठीत आकडा नाही. खोकल्याच्या औषधाचं ५ मिलीचं टोपण काकूंना दिलं आहे: दहा लिटरच्या बादलीला अडीच टोपणं. बादलीला आतून दहा लिटरवर खूण केली. आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. आधी साध्या पाण्याने माती पूर्ण काढायची, कारण मातीतच क्लोरीन खर्ची पडतं आणि पानापर्यंत पोचत नाही. आणि सुवासिक किंवा साबण मिसळलेलं ब्लीच चालत नाही, बाटलीवर नुसतं हायपोक्लोराइट असलेलंच घ्यायचं.

१४ मे, बुधवार

आंबटपणा वाढवून बघितला. लिंबं सध्या महाग, म्हणून अर्धं लिंबू आणि अर्धं सायट्रिक अॅसिड. पीएच ४ वर आणला की सहा तास खोलीच्या तापमानाला ठेवूनही मोजणी जवळपास जागच्या जागी राहिली. आम्लाने आहेत ते जिवाणू लगेच मरत नाहीत. इ. कोलाय तर चांगला चिवट आहे. पण वाढ खुंटते, आणि आमची खरी अडचण वाढीचीच होती.

पण रंग गेला. दोन तासांत चटणी जुन्या लष्करी गणवेशाच्या रंगाची झाली. आम्लाने हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं, त्याला इलाज नाही. काका म्हणाले, "ताई, ही चटणी कितीही चांगली असू दे, गिऱ्हाईक हिला शिळी म्हणणार." काही ठिकाणी अशा वेळी हिरवा रंग घालतात. काकांनी आजवर घातला नाही, आणि माझ्यामुळे घालायची वेळ येऊ नये.

१८ मे, रविवार

पाला वीस सेकंद उकळत्या पाण्यात बुडवून लगेच थंड पाण्यात टाकला. जिवाणूंच्या बाजूने निकाल उत्तम. रंगही झकास. काकूंनी बोट लावून चाखलं आणि वाटी माझ्याकडे सरकवली. "वासच गेला. ही कोथिंबिरीची चटणी आहे की पालकाची भाजी?" मीही चाखली. त्यांचं खरं होतं. भेळेवर ही चटणी मीही घेतली नसती. मिरच्या आणि आलं मात्र उकळून घ्यायला त्यांची हरकत नाही, तेवढं ठेवलं.

२५ मे, रविवार

या आठवड्यात तोडगा निघाला, आणि तो काकूंचा आहे.

मे महिन्यातच पाऊस लागला. एका रात्री वीज गेली ती सकाळीच आली. फ्रिजमध्ये ठेवलेली चटणी काकूंनी स्वतःहून फेकली, मला विचारलंही नाही. आम्ही दोघी ओट्यापाशी उभ्या होतो. थर्माकोलच्या डब्यात माझ्या नमुन्याची बाटली कालपासून बर्फात होती. काकू म्हणाल्या, "हिचा रंग बघा. लिंबू घातलेलीच आहे ना ही? हिरवीगार आहे की." खरंच होती. थंडाव्यात रंग काळवंडायला वेळ लागतो. मग त्यांनीच पुढचं मांडलं: एक मोठा डबा नको. तीन लहान डबे, बर्फात पुरून. एक काढायचा, दोन तासांत संपवायचा, उरलं तर टाकायचं, मग दुसरा.

मी एवढे दिवस रंग की सुरक्षितता अशी एकाची निवड करत बसले होते. लहान डबा दोन तासांतच संपतो, म्हणून लिंबाने रंग जायच्या आत चटणी खाल्लेली असते. पीएच ४ ऐवजी ४.४ ठेवला. एवढ्याने चवीला कुणी हरकत घेत नाही.

आता ठरलेली पद्धत: पाला साध्या पाण्याने तीनदा, मग अडीच टोपणांच्या पाण्यात पाच मिनिटं, मग नळाच्या पाण्याने. वाटताना बर्फ घरचा, उकळून गार केलेल्या पाण्याचा, स्टीलच्या वाट्यांत गोठवलेला. लादीचा बर्फ फक्त डब्यांच्या बाहेरून, आत नाही. रोज रात्री पातं काढून वायसर घासायचं आणि भांडं उकळत्या पाण्याने विसळायचं. आणि जुनी चटणी नव्या चटणीत कधीही नाही. झाकणाचे तीन डबे आणि दोन नवीन वायसर, काकांचा खर्च १०४० रुपये.

३१ मे, शनिवार

हातमोज्यांबद्दल. मागच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाने सांगितलं म्हणून काका प्लास्टिकचे हातमोजे घालायला लागले. त्याच मोज्याने पुरी फोडतात, नोटा घेतात, फडका उचलतात, मोबाइलवर पैसे आले का ते बघतात. मीठ जास्त असलेल्या मॅनिटॉल अगारवर मोज्याच्या बोटांचा ठसा घेतला, आणि साबणाने नुकत्याच धुतलेल्या उघड्या हाताचाही. मोज्याच्या प्लेटवर पिवळ्या वसाहतींची गर्दी, हाताच्या प्लेटवर तीन. पिवळ्या म्हणजे संशयित स्टॅफिलोकॉकस ऑरियस; खात्रीची कोअॅग्युलेज चाचणी माझ्याकडे नसल्याने संशयितच म्हणते. तो त्वचेवर आणि नाकात असतो, आणि त्याने अन्नात एकदा विष तयार केलं की उकळूनही ते जात नाही.

मोजा घातला की हाताला चिकट लागत नाही, म्हणून हात धुवायची आठवणच होत नाही. मोजे बंद केले. पैसे घ्यायला आता काकांचा मुलगा संध्याकाळी गाडीवर असतो. तो नसेल तेव्हा पैसे डब्यात गिऱ्हाइकानेच टाकायचे. गाडीला तोटीचा कॅन आणि साबण टांगला.

७ जून, शनिवार

पावसाने कोथिंबीर चिखलाने माखून येते आहे, भावही चढला. धुण्याआधीच्या पानांवर इ. कोलाय ३ मेच्या कितीतरी पट. धुतल्यावर ४३. मी काळजीत पडले, मग लक्षात आलं की तीनदा धुवूनही टबाच्या तळाला गाळ राहत होता आणि जुड्या त्या गाळातूनच उचलल्या जात होत्या. जुडी सोडून, पाला सुटा करून, चाळणीतून वर उचलायचा. पाणी ओतून पाला काढायचा नाही. दुसऱ्या दिवशी तोच माल, आकडा ९ च्या आसपास. वेळ मात्र अर्धा तास जास्त लागतो. काकू आता साडेनऊला सुरुवात करतात.

१४ जून, शनिवार

शेवटची पूर्ण फेरी, ३ मेसारखीच. एकूण मोजणी बारा वाजता ४२ हजार, रात्री आठला उघडलेल्या तिसऱ्या डब्यात ६० हजार. इ. कोलायची एमपीएन बाराला ३.६, आठला ९.२. शून्य नाही. कच्च्या पाल्याच्या चटणीत ते मिळणारही नाही, आणि काकांना मी तसंच सांगितलं. मे महिन्यात आठ वाजता हाच आकडा ४६० होता.

या प्लेटवर काय दिसत नाही तेही सांगितलं. जीबीएसच्या काही रुग्णांत सापडलेला कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू कमी ऑक्सिजनमध्ये, ४२ अंशांना वाढतो. माझ्या उबवणी यंत्रात तो असता तरी दिसला नसता. नोरोव्हायरस हा उलट्या-जुलाबांचा विषाणू प्लेटवर वाढतच नाही. त्यामुळे "चटणी तपासलेली आहे" अशी पाटी लावू नका, असं मी म्हटलं. काका म्हणाले, "पाटी कशाला? डबे बर्फात दिसतात की लोकांना."

माझा खर्च ३६१० रुपये, काकांचे नुकसान धरून. वेळ दहा आठवडे. त्यातले जवळजवळ तीन आठवडे डिकी, डरहॅम नळ्या आणि त्या पुसट टिंबापायी गेले.

पलीकडच्या वडापावच्या गाडीवरचे दादा आज थांबून सगळं ऐकत होते. त्यांची लसणाची कोरडी चटणी मी आधीच बघितली होती, तिच्यात पाणीच नसल्याने काही वाढत नाही. पण त्यांच्याकडे पातळ हिरवी चटणी आहे, बादलीत, संध्याकाळभर उघडी. "आमचंही बघाल का?" म्हणाले. २१ तारखेला सकाळी त्यांच्या घरी जायचं ठरलं आहे. बर्फाच्या पिशव्या आदल्या रात्रीच फ्रीझरमध्ये टाकायच्या, आणि पकड सोबत न्यायची.